तीस मिलिमीटर खाली, पण कशाच्या बदल्यात?

लोअरिंग स्प्रिंग घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो: गाडी किती खाली बसेल? दुकानदारही तेच सांगतो, खोक्यावरही तेच छापलेलं असतं: ३० मिमी, ४० मिमी. संशोधनाच्या तयारीत असलेल्यांनी हे उदाहरण जरूर सोडवून बघावं, कारण इथे मोजायला सोपा असलेला आकडाच निर्णयाचा आकडा समजला जातो. खरं तर विचारायला हवं ते असं: गाडी खाली बसल्यावर चाकाला वर सरकायला जागा किती उरते, आणि तेवढ्या जागेत खड्डा पचवण्याइतकी नवी स्प्रिंग कडक आहे का?

कागद-पेन घ्या. गाडीचा फक्त एक कोपरा, म्हणजे एक चाक, एक स्प्रिंग आणि त्यावरचं वजन, एवढंच धरू. आकडे उदाहरणापुरते, पण साध्या कारला शोभतील असे आहेत. कोपऱ्यावरचं वजन ३०० किलो. मूळ स्प्रिंगचा कडकपणा (चाकापाशी मोजलेला) २० न्यूटन प्रति मिमी. स्थिर उभ्या गाडीत चाक वर जाऊन बंप स्टॉपला, म्हणजे शेवटी धक्का झेलणाऱ्या रबरी ठोकळ्याला, टेकेपर्यंत ७० मिमी जागा. नवी स्प्रिंग ३० मिमी खाली बसणारी आणि २५ टक्के जास्त कडक, म्हणजे २५ न्यूटन प्रति मिमी.

आधी लांबी. ३०० किलोखाली मूळ स्प्रिंग सुमारे १४७ मिमी दबलेली असते. नवी कडक असल्यामुळे ११८ मिमीच दबेल. म्हणजे लांबी तीच ठेवून नुसता कडकपणा वाढवला तर गाडी २९ मिमी वर उठेल! ती ३० मिमी खाली आणायची तर मोकळी स्प्रिंग ५९ मिमी आखूड हवी. आता गाडी जॅकवर चढवा. मूळ उंचीपासून चाक ८० मिमी खाली लोंबकळत असेल, तर नव्या उंचीपासून ते ११० मिमी जाईल. नवी स्प्रिंग दबलेली आहे ११८ मिमी. म्हणजे ती आपल्या बैठकीत फक्त ८ मिमीच्या दाबाने टिकून आहे. आणखी आखूड घेतली तर चाक हवेत गेल्यावर स्प्रिंग सैल होऊन बैठकीतून सरकू शकते.

मग जागा. गाडीचं वजन स्प्रिंगनं आधीच तोललेलं असतं, म्हणून स्थिर उंचीपासून वरच्या जादा दाबाचाच हिशोब करायचा. त्यासाठी लागणारी ऊर्जा म्हणजे कडकपणाचा निम्मा गुणिले अंतराचा वर्ग. मूळ रचना बंप स्टॉपपर्यंत ४९ ज्यूल पचवते. नव्या रचनेत उरलेली जागा ४० मिमी, आणि ऊर्जा फक्त २० ज्यूल. कडकपणा पाव पटीनं वाढला, तरी पचवण्याची क्षमता निम्म्याहून खाली आली. कारण उघड आहे: अंतराचा वर्ग होतो, कडकपणाचा होत नाही. मूळचे ४९ ज्यूल ४० मिमीत बसवायचे तर कडकपणा तिप्पट लागेल. उरलेला धक्का बंप स्टॉप खातो, आणि गाडी ‘आदळते’ असं आपण म्हणतो ते हेच.

आता माणसं बसवा. मागच्या सीटवर दोघं आणि डिकीत बॅगा, मिळून मागच्या एका चाकावर ७५ किलो जादा धरू. मूळ स्प्रिंग त्यानं ३७ मिमी दबते, ३३ मिमी जागा उरते. नवी २९ मिमी दबते, उरतात जेमतेम ११ मिमी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांतला गोलाकार गतिरोधक १०० मिमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. आपल्या गल्लीतला त्याच मापाचा आहे का, ते टेप घेऊन एकदा मोजून या.

कंप आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर. कोपऱ्याची नैसर्गिक वारंवारता १.३० हर्ट्झवरून १.४५ वर जाते. प्रवासी कार साधारण १ ते १.५ हर्ट्झमध्ये असतात, तेव्हा एवढं चालून जातं. पण जुना शॉक अ‍ॅब्सॉर्बर तसाच ठेवला तर अवमंदनाचं प्रमाण सुमारे १० टक्के घटतं, म्हणजे धक्क्यानंतर शांत होईपर्यंत गाडी थोडे जास्त झोके घेते. शॉक अ‍ॅब्सॉर्बर आधीच थकलेला असेल, तर आधी तो बदला. आणि फक्त पुढच्या किंवा फक्त मागच्या स्प्रिंग बदलू नका. पुढची वारंवारता मागच्यापेक्षा थोडी कमी ठेवली की गाडी पुढे-मागे कमी झुलते, हे मॉरिस ऑली यांनी १९३० च्या दशकात जनरल मोटर्समधल्या कामातून मांडलं. तो तोल मूळ गाडीत बसवलेला असतो.

या मॉडेलमध्ये काय नाही, तेही लिहून ठेवा. प्रोग्रेसिव्ह स्प्रिंगचा कडकपणा दाबाबरोबर वाढतो, त्यामुळे तिला एक आकडा पुरत नाही, आलेख मागावा लागतो. स्प्रिंग चाकापासून आत बसवलेली असेल तर तिचा कडकपणा चाकापाशी कमी जाणवतो: लिव्हरचं गुणोत्तर ०.७ असेल तर त्याचा वर्ग, म्हणजे जवळपास निम्माच. शिवाय मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत उंची कमी केली की रोल सेंटर बहुधा गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली सरकतो. त्यामुळे ‘खाली बसलेली गाडी वळणावर कमी कलते’ हे गृहीत धरू नका. कललीच कमी, तर त्याचं श्रेय बरंचसं कडकपणाला जातं.

तेव्हा विक्रेत्याला विचारा: कडकपणा किती, रेषीय की प्रोग्रेसिव्ह, मोकळी लांबी किती, बंप स्टॉप सोबत येतो का, कुठल्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरसाठी बनवली आहे? फक्त ‘किती खाली’ एवढंच उत्तर मिळालं, तर पैसे खिशात ठेवा. मूळ स्प्रिंग कापून घ्यायचा स्वस्त मार्ग तर नकोच. सहा कामाच्या वेटोळ्यांतलं एक कापलं की कडकपणा २० टक्के वाढतो खरा, पण टोक बैठकीत नीट बसत नाही, आणि गॅसनं कापलं तर उष्णतेनं पोलादाचं टेम्परिंग बिघडतं. कायद्याचंही बघा: मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. खरेदीआधी आरटीओ आणि विमा कंपनी, दोघांनाही विचारून घ्या.

बसवल्यावर व्हील अलाइनमेंट करून घ्या आणि बंप स्टॉपपर्यंतची जागा पुन्हा मोजा: एकदा रिकाम्या गाडीत, एकदा माणसं बसवून. कागदावरच्या ४० आणि ११ मिमीच्या शेजारी तुमच्या गाडीचे आकडे लिहा. दोन्हींत फरक पडला, तर आपण धरलेली कुठली गोष्ट चुकली ते शोधा. संशोधनातली पहिली काही वर्षं बरीचशी याच कामात जातात, तर सुरुवात घरच्या गाडीपासून करायला काय हरकत आहे?