प्राचीन ग्रीकांचीं अधिकारचिन्हें

राजचिन्ह म्हटलें कीं सोनें, रत्नें, छत्रचामरें यांची आठवण व्हावी हें स्वाभाविक आहे. परंतु प्राचीन ग्रीकांत अधिकाराचें सर्वांत जुनें चिन्ह म्हणजे एक काठी होय. तिला ते ‘स्केप्ट्रॉन’ म्हणत. हा शब्द टेकणें या अर्थाच्या धातूपासून झालेला आहे. आणि ‘ओडिसी’ काव्यांत भिकाऱ्याच्या वेषांतील ओडिसियस ज्या काठीवर भार देतो, तिलाहि होमर हेंच नांव देतो.

‘इलियड’मध्यें ॲगमेम्नॉनच्या दंडाची तर वंशावळच दिली आहे. देवांचा लोहार हेफायस्टॉस यानें तो घडविला. झ्यूस, हर्मीस, पेलॉप्स, आट्रियस, थायेस्टीस अशा हातांतून तो ॲगमेम्नॉनकडे आला. पण सभेंतील काठी केवळ राजाचीच नसे. जो बोलावयास उभा राही त्याच्या हातीं भालदार, ज्याला ग्रीक ‘केरुक्स’ म्हणत, काठी देई. ती हातीं असेपर्यंत बोलण्याचा मान त्याचा. राजाचा राग येतांच अकिलीस ती भूमीवर आदळतो तो याच सभेंत. पुढें थर्सायटीस नांवाचा सामान्य सैनिक राजाची निंदा करूं लागतो, तेव्हां ओडिसियस राजाचाच दंड त्याच्या पाठींत हाणतो व सारें सैन्य हंसतें. थर्सायटीसचें म्हणणें अगदींच खोटें होतें असें आम्हांस वाटत नाहीं.

अथेन्समध्यें लोकसत्ता आली तेव्हां काठी नागरिकांच्या हातीं गेली. अरिस्टॉटलच्या नांवावर असलेला अथेन्सच्या राज्यघटनेचा ग्रंथ १८९१ सालीं एका पपायरसवरून प्रसिद्ध झाला. त्यांत ही व्यवस्था दिली आहे. चिठ्ठीनें निवडलेल्या न्यायपंचास एक रंगीत काठी, ‘बाक्टेरिया’, मिळे. तिचा रंग ज्या न्यायालयाच्या दाराशीं जुळे तेथेंच त्यानें बसावयाचें; म्हणजे लांच देणाऱ्यास पंच आधीं गांठतां येऊं नये! अधिकाऱ्याच्या माथीं ‘स्टेफानोस’, म्हणजे पानांचें वेष्टन असे. त्यास खासगी माणूस म्हणून मारलें तर साधा खटला. अधिकारी या नात्यानें मारलें तर मारणाऱ्याचे नागरिकत्वाचे हक्क कायमचे जात, असें डेमॉस्थेनीस सांगतो.

अलेक्झांडरनें मात्र ‘डिआडेमा’ म्हणजे कपाळाभोंवतीं बांधावयाची कापडी फीत धारण केली. इ. स. पूर्वीं ३२३ मध्यें बाबिलोनजवळच्या दलदलींतून होडी चालली असतां वाऱ्यानें ती उडाली व एका जुन्या राजाच्या थडग्याजवळील लव्हाळ्यांत अडकली. एका खलाशानें पोहत जाऊन ती काढली आणि भिजूं नये म्हणून स्वतःच्या डोक्यास गुंडाळून आणली. त्यास एक टॅलंट बक्षीस मिळालें, आणि मग त्याचा शिरच्छेद झाला असें बहुतेक ग्रंथकार म्हणतात. अरिस्टोबुलस फक्त फटक्यांचें सांगतो, असें एरियन नोंदवितो. राजनिष्ठेचें हें फळ! थोड्याच काळानें अलेक्झांडर वारला, आणि इ. स. पूर्वीं ३०६ पासून त्याचे सेनापति एकामागून एक तीच फीत बांधून राजे झाले. आपल्या देशांत राज्य केलेल्या मिनांडर ऊर्फ मिलिंद राजाच्या नाण्यांवरहि तिची गांठ मस्तकामागें स्पष्ट दिसते.

ॲगमेम्नॉनचा म्हणून मानलेला दंड इ. स. च्या दुसऱ्या शतकांत कायरोनीया गांवीं पूजेंत होता, असें पॉसेनियस लिहितो. त्यास देऊळ नव्हतें. दर वर्षीं जो पुजारी असेल त्याच्या घरींच तो राही, आणि त्याच्यापुढें रोज मांसाचे व पक्वान्नांचे पदार्थ मांडून ठेवीत.