जुन्या पिकअपला मोठी चाके

आपल्या सभासद बंधूंपैकी पुष्कळांच्या पेढीसमोर आज एखादी पिकअप उभी असते. लष्करच्या दाल बाजारात एके काळी माल बैलगाडीतून व हातगाडीवरून उतरत असे. आता ते काम हीच गाडी करते. ती दहा-बारा वर्षांची झाली की घरातील तरुण मंडळी तिला मोठे टायर चढवून पुढची बाजू उचलून घेण्याचा आग्रह धरतात. आम्हीही त्या आग्रहास मान दिला होता. त्याचा हिशेब बांधवांपुढे मांडावा, एवढ्यासाठी हा लेख.

आमची गाडी 2011 सालची, दीड टन भाराची. म्हणजे 50 किलोची 30 पोती. रिकामी उभी असता तिचे नाक खाली व मागची बाजू वर दिसे. पुतण्या म्हणे, "काका, आपली गाडी वाकून चालते. बाजारात शोभत नाही." 2023 च्या दिवाळीपूर्वी त्याने शहरातील एका कारखान्यात पुढच्या कॉइल स्प्रिंगांवर गुटके बसवून घेतले, त्यायोगे नाक दोन इंच वर आले. 215/75 आर 15 मापाचे टायर काढून 235/75 आर 15 मापाचे चढविले. गाडी सपाट व रुबाबदार दिसू लागली. आम्हांसही ती आवडली, हे कबूल केले पाहिजे.

2024 च्या जानेवारीत डबऱ्याहून तांदूळ आणावयाचा होता. तीसच्या जागी चाळीस पोती भरावयास आम्हीच फोनवरून सांगितले. रात्रीची वेळ, धुके दाट. समोरून येणाऱ्या एका मोटारसायकलस्वाराच्या डोळ्यांवर आमच्या गाडीच्या दिव्यांचा झोत पडला आणि तो रस्ता सोडून खालच्या शेतात गेला. आमचा चालक पळाला नाही. त्याने त्यास गाडीत घालून ग्वाल्हेरला दवाखान्यात आणले. गळपट्टीचे हाड मोडले होते. माणूस मजुरी करणारा, तीन महिने काम बंद. खर्च आम्ही केला, परंतु त्याच्या घरी भेटावयास गेलो तेव्हा त्याच्या म्हाताऱ्या आईपुढे बसून काय बोलावे हे सुचले नाही.

त्यानंतर एका वृद्ध मिस्त्रीने आम्हांस जमिनीवर खडूने रेघा ओढून समजाविले. पिकअपची मागची बाजू वर असते तो दोष नव्हे, ती योजना आहे. भार मागे पडतो, पाटे दबतात आणि भरलेली गाडी सपाट होते. रिकामी गाडीच सपाट करून ठेविली तर भरल्यावर तिचे नाक आकाशाकडे जाणार. पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर सुमारे तीन मीटर धरा. नाक पाच सेंटिमीटर वर गेले की तीस मीटरवर दिव्याचा झोत अर्धा मीटर वर चढतो. बरोबर समोरच्याच्या डोळ्यांत! शिवाय पुढच्या चाकांवरील भार हलका होतो व सुकाणू सैल लागते. आमच्या चालकाने ही तक्रार दोनदा केली होती; आम्ही ती नव्या टायरांची सवय नाही म्हणून सोडून दिली.

टायरांचा हिशेब आम्ही वहीवर मांडला. जुन्या टायरचा व्यास सुमारे 703 मिलिमीटर, नव्याचा 733. फरक 30 मिलिमीटर, म्हणजे शेकडा चारांहून थोडा अधिक. मीटर 100 किलोमीटर दाखवी तेव्हा गाडी 104 चाललेली असे. डिझेल जास्त लागते म्हणून आम्ही चालकास बोललो होतो, त्यातील काही दोष मीटरचाच होता. ओढ व ब्रेकची पकड मात्र तितक्याच प्रमाणात खरोखर घटते. वळणावर टायर मडगार्डच्या आतल्या कडेस घासे तो त्रास वेगळाच.

याहून महत्त्वाची गोष्ट टायरच्या कडेवर छापलेली असते व ती आपण वाचीत नाही. मापाच्या पुढे एक आकडा असतो. 100 असेल तर तो टायर योग्य हवेवर 800 किलो भार पेलतो. 106 असेल तर 950 किलो. रुंद, दिसावयास दणकट असा टायर मोटारगाडीसाठी केलेला असेल तर मालगाडीच्या अरुंद टायरहून कमी भार पेलू शकतो. धान्याची प्रत आपण मूठभर दाणे हातावर घेऊन पाहतो, पोत्याचा आकार पाहून नव्हे. टायर घेताना ती बुद्धी कोठे जाते कोण जाणे.

कायद्याचेही ऐकावे. 1988 च्या मोटार वाहन कायद्यातील कलम 52 अन्वये नोंदणीपत्रातील तपशील व निर्मात्याची मूळ बनावट यांत तफावत पडेल असा फेरफार करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच अर्थ ठामपणे सांगितला. आठ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीस दरवर्षी योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो, तेव्हा हे उघडकीस यावयाचेच. जादा भाराचा दंड 2019 च्या दुरुस्तीने 20,000 रुपये व प्रत्येक जादा टनामागे 2,000 असा झाला आहे. आपल्या श्रावकाचारात अतिभारारोपण हा अहिंसाणुव्रताचा अतिचार सांगितला आहे. तो बैलांसाठी लिहिला, असे आम्ही आजवर समजत होतो.

मग जुन्या गाडीचे नाक खरोखरच बसले असेल तर काय करावे? प्रथम मोजावे. सपाट जागेवर, हवा नीट भरून, चारही चाकांशी चौकटीची उंची घ्यावी. एकदा रिकामी असता, एकदा तीस पोती घालून. भरलेली गाडी सपाट असेल तर काहीही करू नये. पुढे खाली वा एका अंगास झुकलेली असेल तर गुटके न घालता दोन्ही बाजूंचे स्प्रिंग जोडीने, मूळ मापाचे, नवे घ्यावे; बुश व बॉल जॉइंट त्याच वेळी पाहून घ्यावेत. मागचा पाटा काढून गाडी सपाट करणारेही भेटतात, त्यांच्यापासून दूर राहावे. काम झाल्यावर चाकांची अलाइनमेंट व दिव्यांची उंची तपासल्यावाचून गाडी रस्त्यावर नेऊ नये. आमचे डावीकडचे स्प्रिंग उजवीकडच्याहून खरोखरच बसलेले निघाले. म्हणजे पुतण्याची तक्रार अगदीच खोटी नव्हती.

आता गाडी पूर्वीसारखी वाकून उभी असते व तीस पोत्यांवर सरळ होते. मोठे चार टायर गोदामात पडून आहेत. पुतण्या म्हणतो विकून टाकू. एक गिऱ्हाईक आलेही होते. कोणत्या गाडीस लावणार असे आम्ही विचारताच ते रागावून परत गेले.