कार्ड सुटं आहे का?

सकाळी १०

लॅमिंग्टन रोडवर शटर वर गेलं तरी पहिले दोन तास मी ए.सी. लावत नाही. जोडून झालेली मशीन याच वेळात टेस्टला लावायची असतात. गिऱ्हाइकाच्या साइट ऑफिसात कसला आलाय थंडावा? इथल्या उकाड्यात टिकलं तर तिथे टिकेल.

आज पहिला नंबर डेल प्रिसिजन एम४८०० चा. २०१३ च्या पिढीतलं हे मशीन ठाण्याच्या एका स्ट्रक्चरल इंजिनिअरचं आहे. त्यातलं २ जीबीचं क्वाड्रो के२१००एम कार्ड चांगलं चालत होतं, पण मोठी मॉडेल उघडताना कमी पडायचं. काल ते काढून ४ जीबीचं एम२०००एम बसवलं. दोन्हीची भूक ५५ वॉटची, माप एकच: एमएक्सएम टाइप-ए, ८२ बाय ७० मिलिमीटर, तळहातावर मावणारी पाटी. रॅमसारखी तिरकी खोचायची, खाली दाबायची, स्क्रू पिळायचे. बघणाऱ्याला वाटतं, झालं काम.

खरं काम पुढेच असतं. एनव्हिडियाचा इन्स्टॉलर नुसतं कार्ड बघत नाही, ते कोणत्या कंपनीच्या कोणत्या मॉडेलात बसलंय तेही बघतो. ही जोडी त्याच्या यादीत नसली की हात वर करतो. मग आयएनएफ फाइल उघडून आयडी हाताने घालायचा, विंडोजची सहीची तपासणी तात्पुरती बंद करायची. चालतं सगळं, पण हा ड्रायव्हर कोणत्याही सॉफ्टवेअर कंपनीने प्रमाणित केलेला नसतो, आणि वर्कस्टेशन घेताना माणूस जादा पैसे मोजतो ते त्या प्रमाणपत्रासाठीच. सॉलिडवर्क्समधलं रिअलव्ह्यू घ्या. साध्या गेमिंग कार्डावर ते बटण चालूच होत नाही.

इंजिनिअरसाहेबांना फोनवर हे सगळं सांगितलं. शिवाय हेही, की आत चौथ्या पिढीचा आय७ आहे, त्याला विंडोज ११ अधिकृतपणे मिळत नाही आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. "साहेब, कार्ड तरुण झालं, मशीनचं वय तेच राहिलं." ते म्हणाले, अजून दोन वर्षं काढू दे. काढेल.

दुपारी १२

एक लॅपटॉप दुसरीकडून "कार्ड गेलंय" असा शेरा घेऊन आला. चालू होतो, रेंडर लावलं की दहा मिनिटांत गोगलगाय होतो. तापमान ९७ अंश. उघडून पाहिलं तर हीटसिंकच्या जाळीवर धुळीची चक्क नमद्यासारखी घडी बसलेली. ती काढली, पंखा साफ केला, तरी ९० च्या खाली येईना.

मग हीटसिंक पुन्हा उचलून पेस्टचा ठसा पाहिला. चिपच्या एका कोपऱ्यावर पेस्ट जशी लावली तशीच उभी, दाबलीच गेली नव्हती. आधीच्या कारागिराने मेमरी चिपांवर थर्मल पॅड घातले होते ते मिलिमीटरभर जाडीचे, जागा होती अर्ध्या मिलिमीटरची. पॅडनी हीटसिंक उचलून धरला होता आणि खालची चिप उपाशी. अर्ध्या मिलिमीटरचे पॅड कापून बसवले, ७८ वर आलं. "कार्ड गेलं" म्हणून येणाऱ्या मशीनांत हा प्रकार इतका सर्रास दिसतो, की धूळ आणि पॅड पाहिल्याशिवाय मी कार्डाला हात लावत नाही.

दुपारी २

डबा. वीस मिनिटं.

दुपारी २:३०

एक तरुण आर्किटेक्ट आली. लॅपटॉप बारीक, दिसायला देखणा, ग्राफिक्स चिप थेट मदरबोर्डवर. पडद्यावर हिरवे-जांभळे चौकोन.

"काका, हीट मारून देता का? मैत्रिणीचा चालू झाला होता."

"किती दिवस चालला?"

"तीन आठवडे."

चिपमधला सिलिकॉनचा तुकडा, म्हणजे डाय, एका छोट्या पाटीवर अतिसूक्ष्म टाक्यांनी जोडलेला असतो आणि ती पाटी सोल्डरच्या गोळ्यांनी बोर्डवर. रोज तापून-निवून दोघांचं फुगणं-आकसणं वेगवेगळं होतं आणि आतले टाके तडकतात. हीट मारली की ते काही दिवस एकमेकांना टेकतात, बस. रिबॉलिंग करणारा बाहेरचे गोळे बदलतो. आतले टाके तडकलेले ते तडकलेलेच राहतात. जुलै २००८ मध्ये खुद्द एनव्हिडियाने लॅपटॉप चिपांच्या अशाच दोषासाठी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली होती. तेव्हापासून या गल्लीत हीट गनचा धंदा जोरात आहे आणि मला तो पटत नाही.

चिपच बदलायची म्हटली तर शिसंविरहित सोल्डर २१७ अंशांला वितळतं. तेवढी आच त्या जागी दिली की शेजारच्या मेमरीलाही झळ लागते. आणि एवढं करून बोर्ड नाही उठला, तर प्रोसेसरसकट सगळा बोर्ड नवा. हीच चिप सुट्या कार्डावर असती तर जुन्या बाजारातलं कार्ड आणून संध्याकाळी मशीन हातात दिलं असतं. सुटं कार्डही जळतंच; फक्त जाताना बोर्डाला बरोबर घेऊन जात नाही. सुट्या कार्डाला मी विश्वासार्ह म्हणतो ते एवढ्याचसाठी.

तिला बोर्डाचा खर्च सांगितला आणि आधी एसएसडी काढून डेटा वाचवून दिला. एसएसडी तरी सुटा होता, नशीब.

संध्याकाळी ५

पुण्याहून एका विद्यार्थ्याचा फोन. कार्ड बदलता येणारा लॅपटॉप कोणता घेऊ? त्याला एलियनवेअर एरिया-५१एम ची गोष्ट सांगितली. २०१९ मध्ये कार्ड बदलता येतं म्हणून आला, पण त्याचं कार्ड डेलच्या स्वतःच्या आकाराचं. बाजारातलं एमएक्सएम त्यात बसत नाही, म्हणजे पुढचं कार्ड कंपनी काढेल तेव्हाच. फ्रेमवर्क लॅपटॉप १६ ने बरं केलं. मागून बसणाऱ्या मॉड्यूलमध्ये सुरुवातीला रेडिऑन आरएक्स ७७००एस होतं, २०२५ मध्ये त्याच जागेसाठी आरटीएक्स ५०७० जाहीर झालं. दिलेला शब्द पाळलेला मी या धंद्यात फार वेळा पाहिलेला नाही. तरी पोराला म्हटलं, पुढच्या कार्डाच्या भरवशावर आज कमी ताकदीचं मशीन घेऊ नकोस. आज लागतं तेवढं आजच घे.

रात्री ८

शटर. जाता जाता, सेकंडहँड वर्कस्टेशन घेणाऱ्यांसाठी: विकणाऱ्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. डेल, एचपी, लेनोवो या तिघांचीही सर्व्हिस मॅन्युअल त्यांच्या साइटवर फुकट मिळतात. त्यात सुट्या भागांची यादी पाहा. ग्राफिक्स कार्ड वेगळ्या नावाने असेल तर ते सुटतं. सिस्टीम बोर्डाच्याच ओळीत चिपचं नाव लिहिलं असेल तर ते चिकटलेलं आहे. आणि पैसे देण्याआधी वीस मिनिटं लोड लावून तापमान बघा, पंखा बंद ठेवलेल्या खोलीत.