कंपनीचा निधी आणि ग्रामसभेचा शब्द

गडचिरोली जिल्ह्यातील अहेरी उपविभागात एखादी कंपनी रुग्णालय बांधते किंवा शाळा चालवते, तेव्हा तो खर्च दानधर्म समजला जात असला, तरी त्यामागे बहुधा कायद्याचे बंधन असते. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ नुसार नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यांपैकी एक जरी मर्यादा गाठली, तरी कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजोपयोगी कामांवर खर्च करावी लागते. यालाच सामाजिक उत्तरदायित्व निधी, म्हणजेच सीएसआर, म्हणतात. केवळ कर्मचाऱ्यांच्या सोयी किंवा राजकीय पक्षांच्या देणग्या त्यात धरता येत नाहीत.

एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरावर लॉईड्स मेटल्स कंपनीला २००७ मध्ये ३४८.०९ हेक्टरांचा खाणपट्टा, म्हणजे उत्खननाचा ठरावीक मुदतीचा परवाना, मिळाला. जवळच्या हेडरी येथे कंपनीने रुग्णालय व शाळा उभारली आहे. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो आणि दुर्गम पाड्यांवरच्या रुग्णाला खाटेची कावड करून नाल्यापलीकडे न्यावे लागते. अशा मुलखात डॉक्टर कोणाच्याही पैशाने जवळ आला, तरी त्याचे मोल मोठेच आहे. मात्र हाच डोंगर माडिया गोंडांच्या ठाकूरदेवाचे ठाणे असून तेथे दर जानेवारीत यात्रा भरते आणि परिसरातील ग्रामसभांनी खाणीला वारंवार विरोध नोंदवला आहे. म्हणून रुग्णालयात उपचार घेणे म्हणजे खाणीला संमती देणे, असा अर्थ कोणी काढू नये.

याच खाणीतून दुसराही पैसा येतो, आणि तो सीएसआरहून वेगळा आहे. १२ जानेवारी २०१५ पूर्वीच्या खाणपट्टेधारकाला स्वामित्वधनाच्या, म्हणजे शासनाला द्यायच्या रॉयल्टीच्या, ३० टक्के इतकी जादा रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानात भरावी लागते. खाणबाधित गावांतील पाणी, आरोग्य व शिक्षण यांसाठी असलेल्या या निधीतून अनुसूचित क्षेत्रात कामे घेताना ग्रामसभेची मान्यता आवश्यक ठरवली आहे. सीएसआरचा निर्णय मात्र कंपनीचे संचालक मंडळ घेते. गावाची मान्यता तेथे कायद्याने लागत नाही, आणि या व्यवस्थेतील सर्वांत मोठी उणीव हीच आहे. गावाला न विचारता वाटलेली शिलाई यंत्रे धूळ खात पडू शकतात, आणि गावाला हवी असलेली परिचारिका मिळतच नाही, असेही होऊ शकते.

धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावात महत्त्वाचे विषय आधी अभ्यासगटात चर्चिले जातात आणि मग ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते. याच धर्तीवर कंपन्यांनी आपला सीएसआरचा वार्षिक आराखडा हेडरी परिसरातील ग्रामसभांसमोर माडिया भाषेत मांडावा आणि सभेने नाकारलेले काम वगळावे. कलम १३५ मधील कोणतीही तरतूद त्याच्या आड येत नाही.