सव्वापाचची भरती

निडी स्टेशनात उतरलात तर समुद्र कुठेच दिसत नाही. डोंगर, भातशेती आणि पनवेलहून रोह्याकडे निघालेली गाडी, एवढंच. पण पोरांनो, हे गाव दोन खाऱ्या वाटांच्या मधोमध बसलंय. उत्तरेला नागोठण्याची अंबा, दक्षिणेला रोह्याची कुंडलिका. दोघी सह्याद्रीत जन्मल्या, दोघींचं पाणी गोडं, आणि दोघींच्या पोटात समुद्र दिवसातून दोनदा उलटा चढून येतो. अंबेतून तो धरमतरच्या खाडीवाटे नागोठण्यापर्यंत पोचतो. नागोठणं एके काळी बंदर होतं ते त्यामुळेच. भरतीबरोबर गलबतं आत यायची आणि ओहोटीबरोबर बाहेर पडायची. कुंडलिकेत तो रेवदंडा आणि कोर्लईच्या मधून शिरतो आणि रोह्याच्या दिशेनं चढत येतो.

कुंडलिकेचं आणखी एक नवल सांगतो. सह्याद्रीच्या पलीकडे मुळशीला पडलेला पाऊस खरं तर मुळेतून भीमेला, भीमेतून कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला जायचा. पण 1927 सालापासून ते पाणी डोंगर फोडून भिऱ्याच्या वीजघरात खाली येतं, वीज करतं आणि कुंडलिकेत सुटतं. म्हणून भर वैशाखातही या नदीत गोडं पाणी वाहतं. वरून गोडं, खालून खारं. ही दोन पाणी जिथे भेटतात, तिथे आपला आजचा मासा राहतो. जिताडा.

2023 साली पापलेटला महाराष्ट्राचा राज्यमासा केलं. पापलेट चांगलाच आहे. पण रायगडाचा मासा कोणता असं मला विचाराल, तर मी जिताड्याचंच नाव घेईन. गोव्यात त्याला चणक म्हणतात, बंगाल्यांची ती भेटकी, आणि ऑस्ट्रेलियात त्याचं नाव बारामुंडी. इराणच्या आखातापासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या खाड्यांतून तो फिरतो. वाढू दिला तर माणसाएवढा होतो. साठ किलोपर्यंतचे जिताडे नोंदले गेले आहेत.

आता त्याला गाठायला जायचं. समजा पावसाळा सरलाय, भात कापणीला आलंय, आणि आज वद्य सप्तमी आहे. पहाटे किती वाजता निघायचं? त्याला घड्याळ नको, पंचांग पुरे. तिथीला पाऊणने गुणायचं. सात पाऊणे सव्वापाच. म्हणजे किनाऱ्यावर पूर्ण भरती सव्वापाचच्या सुमाराला. खाडीत जितकं आत जाल तितका आणखी उशीर. तिथून साधारण सव्वासहा तासांनी सुकती, मग पुन्हा भरती. उद्या हेच सगळं पाऊण तासाहून थोडं उशिरा होणार, कारण चंद्र रोज तेवढा मागे पडतो. कोकणातल्या माणसांनी हे गणित कुणाच्या शाळेत न जाता बसवलं, आणि ते आजही कामाला येतं.

अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, तेव्हा उधाण येतं. मुंबईच्या किनाऱ्यावर अशा दिवशी पाणी साडेचार मीटरच्याही वर चढतं. सप्तमी-अष्टमीला दोघांची ओढ काटकोनात येते, तिला भांग म्हणतात. भांगाला पाणी कमी चढतं, कमी उतरतं, गाळ फार ढवळत नाही. गळ टाकणाऱ्याला हे पाणी बरं, कारण जिताड्याला आमिष दिसलं पाहिजे.

होडीत बसलो की पहिलं काम पाग टाकून बोय धरायचं. जिवंत बोय किंवा टपोरी कोलंबी, जिताड्याला याहून प्रिय काही नाही. मग नाखवा होडी तिवरांच्या कडेला नेतो. तिवरांची मुळं बघा, चिखलातून वर उभी राहिलेली हजारो टोकं. चिखलात हवा नसते, म्हणून हे झाड मुळांना नाक फोडून वर काढतं. भरतीच्या वेळी बोयींची पिल्लं, कोलंब्या आणि लहान चिंबोऱ्या या टोकांच्या रानात शिरतात, चरतात, लपतात. पण ओहोटी लागली की पाणी त्यांना तिथे राहू देत नाही. तिवरांतलं पाणी छोट्या छोट्या ओहोळांतून खाडीत उतरायला लागतं आणि त्याबरोबर ही सगळी चिल्लीपिल्लीही. अशा ओहोळाच्या तोंडाशी, एखाद्या बुडालेल्या ओंडक्याच्या आडोशाला, डोकं प्रवाहाकडे करून जिताडा उभा असतो. पाठलाग करण्यात तो शक्ती घालवत नाही. जेवण त्याच्याकडे चालत येतं.

गढूळ पाण्यात त्याला कळतं कसं? एक तर डोळे. रात्री विजेरीचा झोत पडला की ते निखाऱ्यासारखे पेटतात. डोळ्याच्या मागे आरशासारखा थर असतो. एकदा आत आलेला उजेड तो परत फिरवतो, म्हणजे दृष्टीला तोच उजेड दोनदा मिळतो. दुसरं, अंगावरची रेघ. कल्ल्यामागून निघून शेपटाकडे जाणारी ही रेघ म्हणजे बारीक छिद्रांची रांग आहे, आणि प्रत्येक छिद्राखाली पाण्याची थरथर ओळखणाऱ्या पेशी. पुष्कळ माशांत ही रेघ शेपटीच्या बुंध्याशी संपते. जिताड्यात ती शेपटीच्या पंखावरून जवळजवळ टोकापर्यंत जाते. बोय चार हात लांब वळली तरी तिचं वळणं त्याच्या अंगाला लागतं.

मग तो तोंड उघडतो. नुसतं उघडतो म्हणू नका. जबडा पुढे येतो, गालफडं फाकतात, तोंडातली पोकळी क्षणात कितीतरी पटीनं मोठी होते आणि ती भरायला बाहेरचं पाणी आत धावतं. पाण्याबरोबर बोय. डोळ्याची पापणी लवायच्या आत हे होऊन जातं आणि पृष्ठभागाजवळ झालं तर ‘बुफ्’ असा जड आवाज येतो. तो आवाज ऐकला की होडीतली माणसं बोलायची थांबतात.

आणि गळाचा तंगूस सुटायला लागला की बघा! मोठा जिताडा पाण्याबाहेर झेप घेतो, आणि हवेत डोकं असं झटकतो की गळ तोंडातून उडून जावा. त्याला सुळे नसतात. तोंडात बारीक दातांचा खरखरीत पट्टा असतो, पण खरं हत्यार आहे कल्ल्याचं झाकण. त्याची कड इतकी धारदार की ताणलेला तंगूस तिला घासला तर तुटलाच. म्हणून गळाजवळचा शेवटचा हातभर दोर जाड घेतात. आणि म्हणूनच, ध्यानात ठेवा, जिताड्याच्या कल्ल्यात बोटं घालून त्याला कधी उचलायचं नाही.

समजा तो हाती आला. मीटरभर लांब, दहा-बारा किलोचा. पाठ हिरवट करडी, पोट चांदीचं. आता खरी गोष्ट इथून सुरू होते.

हा जिताडा बाई आहे. एवढ्या मापाचा जिताडा जवळजवळ नेहमी मादीच असतो. आणि ही मादी लहानपणी नर होती. जिताडा नर म्हणून वाढतो, तीन-चार वर्षांचा झाला की नर म्हणून वयात येतो, काही हंगाम बाप होतो. मग सहा-आठ वर्षांचा झाला की एका हंगामानंतर त्याच्या पोटातले वृषण विरघळायला लागतात आणि त्यांच्या जागी अंडाशय तयार होतं. पुढच्या हंगामाला तोच मासा आई होऊन येतो. नैसर्गिक पाण्यातल्या जिताड्यांमधला हा बदल पापुआ न्यू गिनीतल्या अभ्यासातून 1979 साली नीट मांडला गेला.

‘आजोबा, असं का?’ हा प्रश्न येणारच. हिशोब करा. बाप व्हायला मोठं अंग लागत नाही. लहान नरही पुरेसं बीज देतो. पण अंडी जागा मागतात. मोठ्या मादीच्या पोटात अंड्यांची संख्या कोटींच्या घरात जाते. म्हणून लहान असताना बाप आणि थोराड झाल्यावर आई, असा क्रम या माशाला फायद्याचा पडला. आपल्याच समुद्रातला गोबरा नेमका उलट करतो. तो आधी मादी असतो आणि मोठा झाल्यावर नर, कारण त्याच्यात बलदंड नरच इतर नरांना हुसकून पुष्कळ माद्यांबरोबर जोडी जमवतो. एकाच अरबी समुद्रात दोन माशांनी दोन उत्तरं काढली, आणि दोन्ही बरोबर.

आता यातून काय होतं ते बघा. गळवाल्याला मोठा मासा हवा, बाजाराला मोठा मासा हवा, फोटोलाही मोठाच हवा. खाडीतले मोठे मोठे जिताडे वेचून काढले, तर आपण खाडीतल्या आयाच वेचून काढतो. मागे राहतात ते सगळे बाप आणि पोरगे. माझं मत स्वच्छ आहे. घरी न्यायचा तर दोन-तीन किलोचा न्यावा, जेवायलाही तोच अधिक गोड. मीटरभर लांबीची हाती आली तर ओल्या फडक्यानं धरावी, पोटाला आधार द्यावा, गळ काढावा आणि प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात धरून ठेवावी. कल्ल्यांतून पाणी खेळलं की तिच्या अंगात जोर येतो आणि ती स्वतःच हातातून निसटते. तीस वर्षांहून जास्त जगलेले जिताडे ऑस्ट्रेलियात सापडले आहेत. तिच्यापुढे अजून किती हंगाम असतील, विचार करा.

ती जाते कुठे? पावसाळ्याच्या तोंडावर आणि पावसात, खाडीच्या मुखाकडे. वर्षातला बराच काळ गोड्या किंवा मचूळ पाण्यात काढलेला मासाही अंडी घालायला खारं पाणीच शोधतो, कारण नराचं बीज खाऱ्या पाण्यातच हालचाल करतं. थायलंडमध्ये मत्स्यशास्त्रज्ञांनी पाहिलं की अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात, दिवेलागणीनंतर, भरतीचं पाणी आत येत असताना ही अंडी पडतात. वेळ किती विचारपूर्वक साधलीय! अंडं मिलिमीटरपेक्षाही लहान, तरंगणारं. भरती त्याला उचलून खाडीत आणते, एका दिवसाच्या आत ते फुटतं, आणि डोळे उघडून पोहायला लागलेली पिल्लं तिवरांच्या आणि खाजणांच्या मचूळ पाण्यात पोचतात. आईला पिल्लांना वाट दाखवावी लागत नाही. चंद्र दाखवतो.

आणि हे खारं-गोडं करणं सोपं समजू नका. कैरीच्या फोडीला मीठ लावलं की तिला पाणी सुटतं ना? तसंच माशाचं. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे 35 ग्रॅम मीठ, माशाच्या रक्तात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं. म्हणून समुद्रात मासा आतून सुकत जातो. तो सतत पाणी पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतल्या खास पेशींनी बाहेर टाकतो. गोड्या पाण्यात सगळं उलट. पाणी अंगात घुसत राहतं, म्हणून तो पाणी पिणं जवळजवळ बंद करतो, मूत्रावाटे भरपूर पाणी काढतो, आणि तेच कल्ले आता नदीतलं थोडंथोडकं मीठ आत ओढून घेतात. कोर्लईपासून रोह्यापर्यंतच्या प्रवासात या माशाला आपला सारा कारखाना उलटा फिरवावा लागतो. बहुतेक मासे हे करू गेले तर मरतात.

त्या प्रवासाची नोंद त्याच्याच डोक्यात असते. माशाच्या कानात चुन्याचा खडा असतो. त्यावर झाडाच्या खोडात दिसतात तशी वर्तुळं चढतात, त्यांवरून वय कळतं. त्याहून मोठी गंमत म्हणजे समुद्रात चढलेल्या थरात स्ट्रॉन्शियम जास्त सापडतं, नदीत चढलेल्या थरात बेरियम. खडा कापून पाहिला की कोणत्या वर्षी हा मासा कुठल्या पाण्यात होता ते वाचता येतं. ऑस्ट्रेलियात असे खडे वाचले तेव्हा दिसलं की काही जिताडे आयुष्यभर नदीकडे फिरकतच नाहीत. एकाच जातीत घरकोंबडेही आहेत आणि भटकेही.

आपल्या लोकांनी जिताड्याची ही सवय फार आधी ओळखली होती. पेण-अलिबागच्या खारेपाटात समुद्र बांधानं अडवून भातशेती उभी केली, बांधाला उघड्या, म्हणजे पाणी सोडायची दारं, ठेवल्या, आणि घराशेजारी तळी खोदली. पावसात खाडीत आणि शेतांच्या चरांत जिताड्याची बोटभर पिल्लं सापडतात. ती आणून तळ्यात सोडायची. तळ्यातल्या गोड्या पाण्यात लहान मासे खाऊन ती दोन-तीन वर्षांत ताटात येण्याजोगी होतात. जावई आला, लग्नाचा मुहूर्त निघाला, की तळ्यातला जिताडा काढायचा, ही तिकडची रीत. आता तुम्हीच सांगा, जावयाच्या ताटातला तो दोन वर्षांचा जिताडा नर की मादी? बरोबर, नर.

‘मग तळ्यातला जिताडा म्हातारा होऊ दिला तर?’ तर त्याची मादी होईल, पण तळ्यात तिला पिल्लं होणार नाहीत. गोड्या पाण्यात ती गोष्ट पुरी होत नाही. म्हणून शेकडो वर्षं तळ्याला पिल्लं खाडीकडूनच आणावी लागली. चेन्नईच्या सिबा या केंद्रीय संशोधन संस्थेनं 1997 साली देशात प्रथमच पाळलेल्या जिताड्यांपासून पिल्लं तयार केली. त्यासाठी त्यांनाही टाक्यांत समुद्राचं खारं पाणी भरावं लागलं आणि माद्यांना संप्रेरकाचं इंजेक्शन द्यावं लागलं. तरीही फिलिपाइन्समध्ये जाळीच्या पिंजऱ्यांत ठेवलेल्या जिताड्यांवर लक्ष ठेवलं, तेव्हा आढळलं की त्यांची अंडी पडायचे दिवस चंद्राच्या कलांशी जुळतात. पिंजऱ्यातल्या मादीला ना नदी ठाऊक, ना खाडीचं मुख. तिथी मात्र ठाऊक असते.