कवटीच्या तळाचा कर्करोग आणि एक्झोस्कोप : शस्त्रक्रियेतील नवी दृष्टी

शस्त्रक्रियागृहाबाहेरील बाकावर बसलेल्या नातेवाइकांच्या मनात एकच प्रश्न असतो : आत नेमके काय चालले आहे? कवटीच्या तळाची शस्त्रक्रिया आठ-आठ, दहा-दहा तास चालते, तेव्हा हा प्रश्न अधिकच जड होतो. या शस्त्रक्रियांत अलीकडे ‘एक्झोस्कोप’ नावाचे उपकरण वापरले जाऊ लागले आहे. ते काय करते, काय करू शकत नाही आणि धर्मादाय संस्थेने त्याकडे कसे पाहावे, हे आमचे देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे कुटुंबीय यांच्यापुढे सोप्या शब्दांत मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

ही जागा अवघड का?

मेंदू ज्या हाडांच्या बैठकीवर विसावलेला असतो, तिला कवटीचा तळ म्हणतात. तिच्या खाली नाक व सायनस, पुढे डोळ्यांच्या खोबणी आणि दोन्ही बाजूंस कानाची हाडे आहेत. मेंदूला रक्त पुरविणाऱ्या मुख्य रोहिण्या आणि दृष्टी, श्रवण, गिळणे, चेहऱ्याची हालचाल सांभाळणाऱ्या मज्जातंतूंच्या जोड्या याच हाडांतील छिद्रांतून ये-जा करतात. नाकाच्या छताशी तर चाळणीसारखे पातळ हाड असते. त्याच्या वरच्या अंगाला मेंदू आणि खालच्या अंगाला नाकाची पोकळी.

येथे होणारे कर्करोग विरळ आहेत. काही नाकात व सायनसमध्ये सुरू होऊन वर सरकतात, काही वासाच्या मज्जातंतूंच्या अस्तरातून, तर काही हाडातूनच उगवतात. लाकडाची व चामड्याची धूळ हे यांतील काही कर्करोगांचे सिद्ध कारण आहे. इंग्लंडमधील हाय विकम परिसरातील फर्निचर कारागिरांत हा संबंध १९६० च्या दशकात प्रथम ठळकपणे पुढे आला. एकाच बाजूचे नाक सतत चोंदणे, त्यातून वारंवार रक्त येणे, वास नाहीसा होणे, एकाची दोन दिसणे, गाल बधिर होणे, ही लक्षणे सर्दी समजून महिनोन् महिने दुर्लक्षिली जातात. रोग हाती लागतो तेव्हा तो बहुधा मेंदूच्या उंबरठ्यावर पोहोचलेला असतो.

दृष्टीचा प्रवास

शंभर वर्षांपूर्वी अशा जागी शल्यविशारद केवळ उघड्या डोळ्यांवर विसंबून असे. १९२१ साली स्टॉकहोम येथे कार्ल ओलोफ निलेन यांनी कानाच्या शस्त्रक्रियेत प्रथम सूक्ष्मदर्शक वापरला. १९५७ मध्ये थिओडोर कुर्झे यांनी तो मेंदूच्या शस्त्रक्रियेत आणला आणि पुढे झुरिचच्या गाझी याशार्गिल यांनी सूक्ष्म शस्त्रक्रियेला शास्त्राचे रूप दिले. दरम्यान १९६३ मध्ये अमेरिकेतील आल्फ्रेड केचम व सहकाऱ्यांनी, कपाळाकडून व चेहऱ्याकडून एकाच वेळी जाऊन सायनसचा कर्करोग काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यानंतर नाकातून आत जाणारी दुर्बीण आली आणि निवडक रुग्णांना चेहऱ्यावरील छेदही टळू लागला.

सूक्ष्मदर्शकाची एक अडचण मात्र राहिली. शल्यविशारदाला डोळे भिंगांना लावूनच काम करावे लागते. कोन बदलला की यंत्र हलवावे लागते, मान वाकवावी लागते आणि त्याच अवस्थेत तासन् तास उभे किंवा बसून राहावे लागते.

एक्झोस्कोप म्हणजे काय?

दुर्बीण शरीराच्या आत जाते. एक्झोस्कोप बाहेरच राहतो. एका यांत्रिक बाहूवर बसविलेला हा कॅमेरा जखमेपासून साधारण २० ते ५० सेंटीमीटर अंतरावर स्थिर असतो. त्याने टिपलेले, अनेक पटींनी मोठे केलेले चित्र समोरच्या भव्य पडद्यावर उमटते. खास चष्मा लावला की त्याला खोलीही प्राप्त होते. या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस अशी उपकरणे वापरात येऊ लागली. २०१७ मध्ये सोनी व ऑलिंपस यांच्या संयुक्त कंपनीचा त्रिमित ‘४के’ एक्झोस्कोप आल्यावर त्यांचा प्रसार वाढला.

शल्यविशारद ताठ बसून समोर पाहतो. हात मात्र त्याचेच असतात. ‘यंत्रमानव ऑपरेशन करणार का?’ असे नातेवाईक विचारतात. उत्तर स्पष्ट आहे : नाही. हे यंत्र केवळ दाखविते, कापीत नाही.

दुसरा लाभ संघाचा. सहाय्यक, भूलतज्ज्ञ, परिचारिका व शिकाऊ डॉक्टर या सर्वांना तेच चित्र दिसते. पुढचे उपकरण कोणते लागेल, रक्तस्राव कोठून सुरू झाला, हे सांगण्याची वाट पाहावी लागत नाही. नाकातून दुर्बिणीने आणि वरून उघड्या मार्गाने असे दुहेरी काम करताना दोन्ही चित्रे शेजारी-शेजारी ठेवता येतात. अर्बुद काढल्यावर उरलेली पोकळी मांडीच्या ऊतींनी भरताना दोन-तीन मिलिमीटर व्यासाच्या रक्तवाहिन्या जोडाव्या लागतात. त्या कामीही एक्झोस्कोप वापरला गेला आहे.

मर्यादाही जाणून घ्याव्यात

अरुंद व खोल जागेत प्रकाश कमी पडू शकतो. कॅमेऱ्याची दिशा वारंवार जुळवावी लागते. समोरासमोर उभ्या असलेल्या सहाय्यकाला चित्र उलटे वाटते, म्हणून त्याच्यासाठी वेगळी मांडणी करावी लागते. त्रिमित पडद्याने काहींना आरंभी गरगरते. सराव होईपर्यंत वेळ जास्त लागतो, म्हणून नेहमीचा सूक्ष्मदर्शक शेजारी तयार ठेवणे हेच शहाणपणाचे. आजवरच्या अभ्यासांत शल्यविशारदाची बैठक सुधारल्याचे आणि शस्त्रक्रियेचे परिणाम सूक्ष्मदर्शकाच्या जोडीचे असल्याचे सामान्यतः आढळते. परंतु त्यांतील बहुतेक अभ्यास थोड्या रुग्णांवरचे आहेत. एक्झोस्कोपमुळे या कर्करोगाचे रुग्ण अधिक काळ जगतात, असे म्हणण्याइतका पुरावा नाही. कर्करोग समूळ निघाला की नाही, हे पडदा सांगत नाही. ते कडेच्या ऊतींची तपासणी करणारा विकृतिशास्त्रज्ञ सांगतो. पुढे अनेकांना किरणोपचारही घ्यावे लागतात.

संस्थेची जबाबदारी

म्हणूनच अशा उपकरणाचा विचार करताना केवळ नावीन्य पाहून चालणार नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञ, मेंदूशल्यविशारद, पुनर्रचनातज्ज्ञ, किरणोपचारतज्ज्ञ आणि अतिदक्षता विभाग यांची एकजूट नसेल, तर उत्तम कॅमेराही भिंतीवरची शोभा ठरेल. मेंदू व नाक यांमधील पडदा नीट बंद झाला नाही, तर मेंदूजल झिरपून जंतुसंसर्ग होऊ शकतो. त्या रात्री उपयोगी पडते ती जागरूक परिचारिका. यंत्राची किंमत एकदाच मोजावी लागते. प्रशिक्षण, देखभाल आणि गरीब रुग्णाच्या संपूर्ण उपचाराचा भार मात्र दरवर्षी उचलावा लागतो.

देणगीदारांना आमची नम्र विनंती एवढीच की, उपकरणाबरोबर ते हाताळणाऱ्या माणसांचा आणि त्याखाली निजणाऱ्या रुग्णाचाही विचार व्हावा. आणि प्रत्येक कुटुंबाला विनंती ही की, एकाच नाकपुडीतून पुन्हा पुन्हा रक्त येत असेल, तर थांबू नये. वेळीच केलेल्या तपासणीची जागा कोणतेही यंत्र घेऊ शकत नाही.