काळं पाणी त्याला, भोग तिला

आम्ही आंधळगावच्या बचत गटातून बोलतो आहोत.

इंग्रज सरकार आपल्या देशातल्या कैद्यांना जहाजात घालून दूर ऑस्ट्रेलियाला पाठवायचं. आपल्या इथल्या कैद्यांना १८५८ पासून अंदमानला नेऊ लागलं. त्यालाच काळं पाणी म्हणत.

१९०९ साली नाशिकच्या बाबाराव सावरकरांना सरकारविरोधी कविता छापल्याबद्दल जन्मठेप झाली, मालमत्ताही जप्त झाली. अंदमानच्या तुरुंगात कैद्यांना कोलू ओढून खोबऱ्याचं तेल काढावं लागे. इकडे नाशिकला राहिल्या त्यांच्या पत्नी येसूबाई. याच येसूबाईंनी 'आत्मनिष्ठ युवती संघ' काढून बायांना एकत्र आणलं होतं. आता पोलिसांच्या भीतीनं लोक त्यांनाच जवळ करेनात. दहा वर्षं वाट पाहून १९१९ मध्ये त्या वारल्या. नवऱ्याला भेटायची परवानगी आली, ती त्या गेल्यावर. बाबाराव १९२१ मध्ये परतले.

आजही घरचा माणूस तुरुंगात गेला की गाव त्या बाईला टाळतं. तिनं काय गुन्हा केला? अशी बाई तुमच्या गावात असेल तर तिला पुढच्या बैठकीला बोलवा, गटात घ्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बायांना वकील मोफत मिळतो, हेही तिला सांगा. शक्य असेल तर सोबत जा.